लागतं का?

बेल वाजली की इंदूमावशी "कोण आहे?" असं विचारत नसत. "बोला," म्हणत. सेफ्टी डोअरच्या जाळीआडून आधी तो आवाज यायचा, घोटीव, स्वच्छ, एखाद्या तरुण बाईचा वाटावा असा, आणि मागून मावशी यायच्या. ठेंगण्या, साठी ओलांडलेल्या, फुलाफुलांच्या गाउनवर ओढणी घेतलेल्या. नवा कुरिअरवाला असला तर तो त्यांच्या खांद्यावरून आत बघायचा, आवाजाची मालकीण कुठे आहे म्हणून.

त्यांची सगळी नोकरी मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी, आणि कोल्हापूरचा माणूस कलकत्त्याच्या माणसाला जोडून द्यायचा. ते बोर्ड कधीच भंगारात गेले, मावशी निवृत्त झाल्या, पण जीभ काही निवृत्त झाली नाही. खालून भाजीवाला ओरडला की गॅलरीतून त्याला सांगायच्या, "जरा होल्ड करा, येतेय." तो बिचारा खरंच हातगाडी घट्ट धरून उभा राहायचा.

भाईंदर पूर्वेला आमचं दार आणि त्यांचं दार यांत एका चपलांच्या स्टँडएवढं अंतर होतं. आम्ही परळहून इथे राहायला आलो तेव्हा या मजल्यावर मराठी बोलणारं घर त्यांचंच. गायकवाड आडनाव, गाव महाडकडचं, हॉलमध्ये बुद्धाची एक तसबीर आणि तिच्याखाली कायम ताजं फूल. यजमान लवकर गेलेले, एकुलती एक मुलगी सुनंदा पुण्यात नोकरीला. मावशी आता नाहीत. त्यांच्या घरात दुसरे लोक राहतात, चांगले आहेत, बेल वाजली की "कौन?" म्हणतात. मला अजून सवय झालेली नाही.

मावशींना चेहरे लक्षात राहत नसत. माझा नवरा नीलेश रोज त्यांच्यासोबत लिफ्टमधून जायचा आणि त्या त्याच्याकडे मीटर रीडिंगला आलेल्या माणसाकडे बघावं तशा बघायच्या. तो खाकरला की लगेच, "अरे, नीलेश होय!" एकदा ऐकलेला आवाज मात्र त्या विसरत नसत. सर्दी झालेली, भांडण झालेलं, पगार झालेला, सगळं त्यांना आवाजावरून कळायचं. ते त्या बोलून दाखवत नसत, हे महत्त्वाचं. आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी जिन्यात उभं राहिलं तर सगळ्या घरांचं सगळं कळतं. मावशींच्या घरातून मात्र कधी काही बाहेर पडलं नाही. "आमचं काम जोडून द्यायचं," त्या म्हणायच्या. "जोडलं, की कानावरून उतरवायचं. मध्ये ऐकत बसायचं नाही. ती चोरी."

या तत्त्वाचा एक मासला मी डोळ्यांनी पाहिला. चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेनच्या बाथरूमचं पाणी खाली परबांच्या छतातून ठिबकायला लागलं आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. सोसायटीची मीटिंग झाली, तिथे तर आवाज अजून चढले. शेवटी मावशी जिन्यात मधल्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. परब खालून मालवणी हेलात काहीतरी म्हणाले. मावशींनी मान वर केली आणि शांतपणे सांगितलं, "हंसाबेन, परबजी बोलते हैं, प्लंबर को कब बुलाएंगे?" वरून गुजराती-हिंदीचा एक लोंढा आला. मावशींनी खाली सांगितलं, "रविवारी बोलावतेय म्हणतात." परब म्हणाले, "इतक्या लांबलचक बोलण्यात फक्त रविवार?" मावशी म्हणाल्या, "बाकीचं लाइनवर कट झालं." रविवारी प्लंबर आला. आज त्या दोन घरांत ढोकळा आणि घावन यांची देवाणघेवाण चालते, आणि कट झालेलं काय होतं ते मावशींनी कोणालाच सांगितलं नाही.

माझी मुलगी झाली तेव्हा मी माहेरी जाऊ शकले नाही, कारण माहेर उरलं नव्हतं. आई मी कॉलेजात असतानाच गेली. तेव्हा बाळंतपण भाईंदरलाच झालं आणि सासूबाई डोंबिवलीहून आल्या, डिंकाचे लाडू, बाळंतशेप, शतावरी आणि पुष्कळ मतं घेऊन. बाई प्रेमळ, पण घर लगेच ताब्यात घेणारी. मी बेडरूममध्ये, बाळ माझ्याजवळ, आणि दाराबाहेर सगळी बिल्डिंग आळीपाळीने.

कोणी मला सांगितलं नव्हतं की बाळाला पाजणं ही जमावी लागणारी गोष्ट आहे. मला वाटलं होतं ते आपोआप होतं, शिंक येते तसं. माझ्या मुलीने पहिल्यांदा तोंडात घेतलं तेव्हा माझ्या पायाची बोटं आवळली गेली. दुसऱ्या दिवशी चिरा पडल्या. मग रक्त. ती चोखायची, सोडायची, पुन्हा धरायची, चिडून लालबुंद व्हायची, आणि मी ओढणीचं टोक दातांत धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायची. दूध होतं. छाती दगडासारखी भरलेली होती. ते तिच्या पोटात मात्र जात नव्हतं.

आणि या सगळ्यात मला एकच प्रश्न विचारला जायचा. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, मावशी दारातून, हंसाबेनसुद्धा मोडक्यातोडक्या मराठीत विचारायची, "लागतं का?"

मी म्हणायची, "हो, लागतं."

"नीट लागतं ना?"

"खूप लागतं."

"छान," सासूबाई म्हणायच्या आणि आणखी एक लाडू आणून ठेवायच्या. एकदा तर मी रडवेली होऊन म्हणाले, "आई, फारच लागतं हो," तर त्या हसून बाहेर गेल्या आणि फोनवर बहिणीला सांगू लागल्या, "अगं, फारच लागतं म्हणे. एकदम आजीवर गेलीय पोर."

त्या विचारत होत्या, बाळ छातीला लागतं का. मी सांगत होते, मला लागतं. एकाच शब्दात दोघी राहत होतो आणि भेट होत नव्हती. मला वाटायचं, एवढं स्पष्ट सांगूनही या बायका खूश होतात, म्हणजे हे असंच असणार. सगळ्यांना असंच लागतं, आणि आई होणं म्हणजे त्याबद्दल गप्प बसणं. मी गप्प बसले.

वजन करायला नेलं तर ते जन्माच्या वेळेपेक्षा बरंच खाली आलेलं. डॉक्टर म्हणाल्या, शुक्रवारी परत आणा, वाढलं नाही तर वरचं दूध सुरू करू. त्यांचं बरोबरच होतं. मला पावडरच्या दुधाची भीती नव्हती. मला भीती वाटायला लागली होती ती माझ्या मुलीच्या रडण्याची. ती पाळण्यात नुसती कुरकुरली तरी माझे खांदे कानांपर्यंत चढायचे. ती झोपलेली असली की आवडायची, उठली की नको वाटायची, आणि आपल्याला आपलं मूल नको वाटतंय हे मी कोणाजवळ बोलणार होते? नीलेशजवळही नाही. तो येऊन म्हणायचा, "लागतंय ना नीट?"

शुक्रवारच्या आधीची एक दुपार. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. मावशी हळिवाची खीर घेऊन आल्या. बेडरूमचं दार किलकिलं होतं, मी पाजत होते. मावशींनी आत पाहिलं नाही. पाठ करून, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "लागतं का गं, मंजू?"

"हो," मी म्हणाले.

 मला वाटलं गेल्या. मग आवाज आला. "पुन्हा बोल."

"हो, लागतं म्हटलं ना."

"तुझा आवाज दाबल्यासारखा येतोय. तोंडात काय धरलंयस?"

मी ओढणीचं टोक सोडलं.

"आता नीट सांग," मावशी म्हणाल्या. "बाळ लागतं, का तुला लागतं?"

मला वाक्य कळायलाच वेळ लागला. मग जे रडू फुटलं ते आवरेना. मी रडत होते, बाळ रडत होतं, आणि मावशी पाठ वळवूनच उभ्या होत्या. मध्येच त्यांनी हात मागे करून खिरीचं भांडं दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं.

"मला यातलं काही येत नाही," माझ्या रडण्याचा जोर ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "सल्ला देणार नाही. सल्ला द्यायला अख्खी बिल्डिंग बसलीय. मी लावून देते."

आमच्या हॉलमधल्या खुर्चीत बसून त्यांनी मोबाइल डाव्या कानाला लावला. फोन नेहमी डावीकडेच, कारण उजवा हात मोकळा हवा. बोलताना तो हात हवेत काहीतरी उपसायचा आणि दुसरीकडे खुपसायचा. एक्स्चेंजमधली जुनी मैत्रीण, तिची भाची, भाचीच्या ओळखीची कोणी नर्स, तिने दिलेला आणखी एक नंबर. "बोला. मी गायकवाड बोलतेय. बाळंतीण आहे, छातीला घाव आहेत, बाळ नीट धरत नाही. तुम्ही नाही? मग कोण? नाव सांगा. रोझी. उत्तन. बरं, रोझी, उत्तन." ऐकलेलं परत म्हणायची त्यांची सवय. मी आतून ऐकत होते आणि माझी हकिकत इतक्या कमी शब्दांत, न हसता, न कळवळता कोणीतरी सांगतंय याने मला फार बरं वाटलं.

सासूबाई केस पुसत बाहेर आल्या. त्यांना कळलं तेव्हा त्या दुखावल्याच. "आमच्या वेळी कुठे होत्या सिस्टर? पोरं वाढलीच ना?"

"तुम्हाला लागलं नव्हतं, ताई?" मावशींनी विचारलं.

"लागलं होतं की," सासूबाई फणकाऱ्याने म्हणाल्या. मग टॉवेल तसाच हातात राहिला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नीलेशच्या वेळी उशी चावायचे मी. आमच्या सासूबाई बाहेर असायच्या ना."

त्या दिवसापासून त्यांनी मला लाडवाचा आग्रह केला नाही, आणि मीही मागून खाऊ लागले.

रोझी सिस्टर संध्याकाळी उत्तनहून बसने आली. एका प्रसूतिगृहात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करणारी, पन्नाशीची, सुटीच्या दिवशी आलेली. आल्याबरोबर हात धुतले, मला पाजायला सांगितलं आणि नुसती बघत राहिली. मी नेहमीसारखी बाळावर वाकले, दोन बोटांच्या चिमटीत धरून तिच्या तोंडात सारू लागले.

"न्हाय, बाय," ती म्हणाली. "तू वाकू नको. तू हाय तशी आरामात बस. पोरीला आण तुझ्याकडं."

तिने माझ्या पाठीला उशा लावून मला रेलवलं. बाळाला आडवं, पोटाला पोट लावून धरायला दिलं, तिचं नाक माझ्या बोंडासमोर. डोकं मागून दाबायचं नाही, मान आणि खांदे हाताने तोलायचे. ओठाला नुसता स्पर्श करायचा आणि थांबायचं. थांबणं सगळ्यांत कठीण होतं. बाळ चुळबुळत होतं आणि मी घाई करायला गेले की सिस्टर म्हणायची, "अजून न्हाय. अजून न्हाय. मोठ्ठं तोंड करू दे."

बाहेर दाराशी मावशी उभ्या होत्या. हंसाबेन झबलं-टोपडं घेऊन आली तर त्यांचा आवाज ऐकू आला, "लाइन बिझी है. बाद में ट्राय करो."

"मावशी, कौनसी लाइन? मैं तो ऊपर से आई हूं."

"ऊपर से आओ, नीचे से आओ, लाइन बिझी है."

मला हसू आलं. माझे खांदे खाली आले असणार, कारण त्याच वेळी मुलीने जांभई द्यावी तसं तोंड उघडलं. सिस्टरने माझ्या हातासकट तिला जवळ ओढलं, आधी हनुवटी, मग तोंडभरून. मला कळ आली. "लागतं?" सिस्टरने विचारलं. मी मान हलवली. "मग सोडव. ओढू नको." तिने बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात करंगळी घालायला शिकवलं, पकड सुटली, आणि पुन्हा पहिल्यापासून. असं कितीदा तरी झालं. मला वाटलं हिला कंटाळा येईल. तिला घाई नव्हती. मग एकदा कळ आली आणि गेली. गेलीच. जबडा कानापर्यंत हलताना दिसला, आणि खोलीत एक बारीक आवाज ऐकू आला, घोट गिळल्याचा. मग दुसरा. मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चांगला आवाज तो.

"लागलं?" मावशींनी बाहेरून विचारलं.

"बाळ लागलं, मावशी," मी म्हणाले. "मला नाही."

 पलीकडे त्यांच्या दाराची कडी वाजली. जोडलं होतं, त्यांनी कानावरून उतरवलं.

एका दिवसात सगळं सुरळीत झालं असं काही नाही. डावीकडची चीर हट्टी होती. तिकडचं दूध काढून वाटी-चमच्याने पाजावं लागलं, चिरांवर आपलंच दूध लावून वाळू द्यायचं हेही सिस्टरने सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी वजन जेमतेम वाढलं होतं. डॉक्टरांनी आणखी मुदत दिली, एक वेळचं वरचं दूधही सुरू केलं, आणि काही आभाळ कोसळलं नाही. पुढे ते बंद झालं. मला आठवतं ते वेगळंच. एका सकाळी मुलगी कुरकुरली आणि मी उठून तिच्याकडे गेले, आणि गेल्यावर लक्षात आलं की खांदे चढले नाहीत.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, त्यांच्याकडे लसूण सोलत बसले असताना मी मावशींना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

मावशी सुनंदाबद्दल फारसं बोलत नसत. मायलेकींचे फोन रविवारी व्हायचे आणि चटकन संपायचे. भांडण नव्हतं. पण दोघींपैकी कोणी जास्त विचारत नसे. त्या दिवशी त्या बोलल्या. "सुनंदाला घेतलं की असंच व्हायचं मला. सांगणार कोणाला? रजा संपली, परत बोर्डावर. कानात लोकांचे हॅलो हॅलो आणि इकडे ब्लाउज भिजलेला, घाव चिकटलेले. पदर घट्ट लपेटून बसायचे. मग सोडलंच. डब्याच्या दुधावर वाढवली तिला."

"कोणाला तरी विचारायचं ना, मावशी."

"अख्ख्या देशाचे फोन लावून दिले गं. माझा एक लावायचं नाही सुचलं." लसणाची साल त्यांनी फुंकरीने ताटाबाहेर उडवली. "सुनंदाचं काही अडलं नाही. ठणठणीत आहे, शिकली, साहेब झाली. अडलं माझं. ती रडली की मी तिला दुसऱ्या कोणाकडे तरी द्यायचे. ती सवय लागली ती लागलीच."

 मी लसूण सोलत राहिले.

पुढे बिल्डिंगमध्ये कोणी बाळंत झालं की मावशी खीर घेऊन जायच्या आणि भेटायला आलेल्या बायकांना दारातच दटावायच्या, "लागतं का असं मोघम विचारायचं नाही. कोणाला लागतं ते विचारा." परब एकदा म्हणाले, मावशी व्याकरण शिकवतात.

माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी सुनंदाला दिवस गेल्याची बातमी आली. तिचं लग्न उशिरा झालं होतं. मावशी एक बॅग घेऊन पुण्याला गेल्या. जाताना माझ्या मुलीने त्यांना विचारलं, "कधी येणार?" तर म्हणाल्या, "होल्ड कर." ती अजून अधूनमधून विचारते.

सुनंदाला मुलगा झाला. त्यानंतर एका दुपारी माझा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी छत, मग पंखा, मग मावशींचं अर्धं कपाळ. त्यांना फोन कानापासून लांब धरायची सवयच नव्हती.

"मंजू, बोल. तुला जोडून देते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती सगळ्यांना हो, हो म्हणतेय. तो हो बरोबर नाही. मी विचारलं तर मला नाही सांगणार. मी कुठल्या तोंडाने विचारू? तू बोल. मी ऐकत नाही."

फोन हातातून हातात गेला, कशाला तरी टेकून उभा केला गेला. समोर सुनंदा, सुजलेले डोळे, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. तिच्यामागे मावशींची पाठ दिसली, तोच फुलाफुलांचा गाउन. त्या दाराकडे गेल्या, बाहेर पडल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. माझं त्यांना बघणं तेवढंच राहिलं. पुढच्या पावसाळ्यात त्या पुण्यातच गेल्या.

सुनंदा माझ्याकडे बघत होती. आम्ही दोघी फारशा ओळखीच्या नव्हतो. "बरं चाललंय तसं," ती म्हणाली. मग तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. "ताई, लागतंय हो."

"कोणाला?" मी विचारलं.

ती रडायला लागली आणि सांगायला लागली, आईला जे कधी सांगितलं नव्हतं तेही. मी ऐकत होते. मागचं दार मात्र लागलं नव्हतं. चार बोटांची फट राहिली होती, तिच्यातून फुलाफुलांच्या गाउनचा काठ दिसत होता, आणि तो तिथून हलत नव्हता.